शेक संपेपर्यंत दंतवैद्य नको? हा सल्ला जबड्यावर बेतेल

‘तोंडाचा कॅन्सर असलेल्यांनी हे वाचाच’ अशा मथळ्याचा एक संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो आहे. आत्याचे किरणोपचार काही दिवसांवर आलेले असतानाच तो आमच्या घरच्या ग्रुपवर येऊन पडला आणि दंतवैद्याकडची ठरलेली तपासणी रद्द करायची, असे तिने मनावर घेतले. म्हणून हा खटाटोप. संदेशाचे म्हणणे असे: शेक, म्हणजे किरणोपचार, संपेपर्यंत दातांच्या डॉक्टरकडे जाऊ नये, पुढे दात दुखलाच तर काढून टाकावा, ब्रश बंद करून मशेरी लावावी, फ्लोराइड विषारी म्हणून टाळावे, तोंड आल्यास मध चाटावा.

पहिला सल्ला सर्वांत घातक आहे, कारण त्यात क्रमच उलटा केला आहे. किरणोपचारांनी जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा आणि जखम भरून काढण्याची ताकद घटते, आणि खालच्या जबड्याला हा फटका अधिक बसतो. अशा हाडातून नंतर दात उपटला, तर ती जागा भरून न येता हाड उघडे पडू शकते, मृत होऊ शकते, आणि प्रसंगी जबड्याचा तुकडाच काढावा लागतो. हा धोका वर्षा-दोन वर्षांत संपतही नाही. आयएसओओ, एमएएससीसी आणि ॲस्को या कर्करोग-उपचारांशी संबंधित वैद्यकीय संस्थांनी २०२४ मध्ये एकत्र दिलेल्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत: दातांची तपासणी किरणोपचारांआधी करावी, काढावेच लागणारे दात किमान २ आठवडे आधी काढावेत, आणि ज्या हाडाला ५० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) किंवा त्याहून अधिक मात्रा मिळाली आहे तेथील दात पुढे शक्यतो काढू नयेत, रूट कॅनालसारख्या उपायांनी राखावेत. गाठ झपाट्याने वाढत असेल तर दातांपायी उपचार लांबवू नयेत, हेही त्यांत आहे. म्हणजे ज्या वेळी दात काढणे तुलनेने सुरक्षित, त्या वेळी हा संदेश रुग्णाला घरी बसवतो, आणि धोका वाढल्यावर दात उपटायला पाठवतो.

मशेरीबद्दल तर काय बोलावे! तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे तोंडाच्या कर्करोगाचे जे मोठे कारण तेच, रुग्णाने बोटाने हिरड्यांवर चोळायचे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी आणली. घरातल्या तव्यावर ती कोण आणणार? उपचारांच्या दिवसांत ब्रशने आग होते हे खरे, पण त्यावर अगदी मऊ ब्रश वापरावा आणि तो आधी कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करून घ्यावा. दात घासणेच सोडून देणे हा उपाय नव्हे.

फ्लोराइडचे भय यवतमाळ-चंद्रपूरच्या विहिरींवरून आले असावे. तिथे वर्षानुवर्षे पोटात जाणाऱ्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात आणि हाडे बिघडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. येथे मात्र प्रश्न लाळेचा आहे. लाळेच्या ग्रंथी किरणांच्या वाटेत आल्या की तोंड कोरडे पडते, आणि आयुष्यात कधी न किडलेले दातही हिरडीलगत भोवताली किडून मुळाशी मोडू लागतात. म्हणून दंतवैद्य दातांचे माप घेऊन पारदर्शक ट्रे बनवून देतात. त्यात फ्लोराइड जेल भरून तो काही मिनिटे दातांवर बसवायचा, मग जेल थुंकून टाकायचे आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. यात गिळायचे काहीच नाही.

मधाचे म्हणणे मात्र नाइलाजाने अर्धे मान्य करावे लागते. किरणोपचारांत तोंड येऊ नये म्हणून मधाचा उपयोग होऊ शकतो, असे एमएएससीसी आणि आयएसओओ यांच्या २०२० च्या सूचनांतही आहे. पण मध म्हणजे शेवटी साखरच. लाळ आटलेल्या तोंडात ती दातांना चिकटून राहते, आणि मधुमेह असेल तर प्रश्न आणखी वेगळा. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, थोड्या वेळाने मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरावी, आणि रात्री दात घासून झाल्यावर तर तो मुळीच चाटू नये.