‘सायको’च्या सात चुका आणि त्या मोजणाऱ्याच्या

‘हिचकॉकच्या ‘सायको’तल्या ७ घोडचुका, ज्या जगापासून लपवल्या गेल्या’ असा एक मजकूर सध्या गटागटांतून फिरतोय. फिरेना का! पण भाचीनं तो कॉलेजच्या प्रोजेक्टात जसाच्या तसा उतरवला आणि खाली ‘संदर्भ : इंटरनेट’ असं लिहून मोकळी झाली. सातांपैकी एक तर त्या सिनेमातलीच नाही, दोन चुकाच नाहीत, एक चक्क बनाव आहे आणि उरलेल्या तिनांत थोडंफार तथ्य आहे.

जी त्या सिनेमातलीच नाही, तीच पहिल्या नंबरावर. ‘बाई गोळी झाडण्याआधीच मागच्या टेबलावरचा मुलगा कानात बोटं घालतो.’ घालतो, अगदी ठसठशीत घालतो. पण ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये. माउंट रशमोरच्या कॅफेटेरियात ईव्हा मेरी सेंट पिस्तूल काढते तो प्रसंग, सिनेमा १९५९ चा. तालमीत बार ऐकून पोरगं शहाणं झालं असणार. ‘सायको’ त्यानंतरचा, १९६० चा, आणि त्यात असा प्रसंगच नाही. दिग्दर्शक एकच, एवढ्यावर ही चूक इकडची तिकडे गेली.

शॉवरखाली अंघोळ करणाऱ्या मॅरियनचा (जॅनेट ली) चाकूनं खून होतो, त्या प्रसंगात रक्ताऐवजी चॉकलेट सिरप वापरलं, ही म्हणे दुसरी चूक. कृष्णधवल फिल्मवर लाल रंग लाल दिसत नाही, करड्याची एक छटा दिसते. पांढऱ्या टबात वाहत्या पाण्यात ती छटा पुरेशी गडद हवी आणि पाण्याबरोबर ओघळायलाही हवी. सिरपनं दोन्ही साधतं. मुळात सिनेमा रंगीत न करण्यामागं रक्त अंगावर येऊ नये हे एक कारण होतं, आणि खर्च हे दुसरं.

तिसरा मुद्दा वाचून हसू आलं. ‘शॉवर थेट खालून दिसतो, तरी कॅमेऱ्यावर थेंब पडत नाही, म्हणजे पाणी नंतर चिकटवलेलं आहे.’ नाही हो. शॉवरच्या चाळणीची मधली भोकं बुजवली आणि लांब पल्ल्याची लेन्स लावून कॅमेरा मागं नेला. कडेच्या भोकांतल्या धारा लेन्सच्या बाजूंनी निघून जातात. लांब लेन्समुळे चाळणी जवळ आल्यासारखी वाटते आणि पाणी आपल्याच तोंडावर पडतंय असं वाटतं. न्हाणीघरातल्या जुन्या शॉवरची मधली भोकं क्षारानं बंद झाली की पाणी कसं छत्रीसारखं बाहेर फाकतं ते आठवा. तेच.

आता सहावा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. ‘जॅनेट लीला खरी किंकाळी फोडता येईना, म्हणून हिचकॉकनं न सांगता शॉवरमधून बर्फाचं पाणी सोडलं. पडद्यावर दिसते ती खरी भीती.’ वर पुस्ती अशी, की नंतरच्या शॉटमध्ये पाणी पुन्हा गरम दिसतं, म्हणून ही कंटिन्युइटीची, म्हणजे एका शॉटचा पुढच्याशी मेळ राखण्यातली चूक! शिवाय भाचीच्या प्रोजेक्टात याला ‘दिग्दर्शकाची कल्पकता’ असं नाव मिळालंय.

जॅनेट लीनं १९९५ साली या सिनेमाच्या चित्रीकरणावर स्वतः पुस्तक लिहिलं. पाणी कोमट असावं याबद्दल हिचकॉकच आग्रही होता, हे तिनंच सांगितलं आहे. याहून पक्का पुरावा तिनं सांगितलेल्या एका अडचणीत आहे. अंग झाकायला तिला मोलस्किन लावलं होतं, म्हणजे कातडीच्या रंगाचं, मागं गोंद असलेलं जाड कापड. खून झाल्यावर ती टबाच्या कडेवर पालथी पडलेली आहे, तो शॉट पुन्हा पुन्हा घेणं चालू होतं. एका टेकला गरम वाफेनं गोंद सुटायला लागला आणि कापड उकलतंय हे तिला जाणवलं. हलली असती तर टेक वाया. ती हलली नाही, कापड निघालं तर निघू दे म्हणून तशीच पडून राहिली. बर्फाच्या पाण्यानं वाफ येत नाही, आणि वाफ नसती तर हा प्रसंगच घडला नसता.

तिचा शब्द नको असेल तर नुसता हिशेब करा. हा प्रसंग सात दिवस चालला. कॅमेऱ्याच्या सुमारे ७८ मांडण्या झाल्या आणि त्यातून पाऊण मिनिटाच्या आसपास चालणारी, सुमारे ५२ कटांची हाणामारी निघाली. म्हणजे एक तुकडा सरासरी सेकंदभराचाही नाही. सोमवारी घेतलेला खांदा गुरुवारी घेतलेल्या चेहऱ्याला जोडायचा, तर दोन्हीकडे कातडी सारखी दिसली पाहिजे. बर्फाच्या पाण्यानं दोन मिनिटांत काटा येतो, ओठांचा रंग जातो, हनुवटी थरथरते, आणि ती थरथर घाबरल्याची नाही तर कुडकुडल्याची दिसते. कंटिन्युइटी सांभाळणारा माणूस ओल्या प्रसंगात केस कुठवर भिजलेत, कुठली बट कुठल्या गालावर चिकटली आहे, हे शॉटगणिक टिपून ठेवतो. त्याच्या डोक्याला काटा आलेल्या अंगाचा आणखी ताप कोण देईल?

आणि किंकाळी? शॉवर चालू असताना सेटवरच्या माइकला आधी ऐकू येतो तो पाण्याचा सणसणाट. म्हणून अशा प्रसंगाचे आवाज वेगळे घेऊन मागाहून बसवतात. चाकूचे वार तर खरबुजाच्या जातीच्या फळांवर सुरी खुपसून मिळवलेत. पाणी अंगावर पडताच निघालेली किंकाळीच वापरायला हवी, अशी सक्ती कुठंच नव्हती. शिवाय हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक त्रूफोला दिलेल्या मुलाखतीत स्वतः सांगितलंय की लीचे फक्त हात, खांदे आणि डोकं दाखवलं, बाकी सगळी तिच्या जागी उभी असलेली मॉडेल. मग ते बर्फाचं पाणी ओतलं तरी नेमकं कुणावर?

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. हिचकॉकनं नटीला छळलं, ही गोष्ट हवेतून आलेली नाही. ‘द बर्ड्स’च्या (१९६३) वेळी टिपी हेड्रनला यांत्रिक पक्षी वापरणार असं सांगून प्रत्यक्षात पाच दिवस तिच्या अंगावर जिवंत पक्षी फेकले गेले, शेवटी डॉक्टरांनी तिला विश्रांती घ्यायला लावली. हे तिनं स्वतः अनेकदा सांगितलंय. पण एकीवर झालेला अन्याय दुसरीच्या नावावर टाकायचा, आणि वर त्यालाच कल्पकता म्हणायचं? लीची किंकाळी अभिनयाची होती. या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. आपल्या फॉरवर्डवाल्यांना मात्र श्रेय नळाला द्यायचंय.

चौथा मुद्दा, डोळा. हा बरोबर आहे. मेलेल्या माणसाची बाहुली विस्फारते, मॅरियनची बारीक आहे. नेत्रतज्ज्ञांनी पत्रं पाठवून हे कळवलं आणि बेलाडोनाचे थेंब घाला असं सुचवलं, अशी गोष्ट सांगतात. बेलाडोनातलं अ‍ॅट्रोपिन बाहुली मोठी करतं. डोळ्याच्या इतक्या जवळ गेलं की फोकसची जाडी मिलिमीटरांत उरते. ती वाढवायला लेन्सचं तोंड बारीक करावं लागतं, मग उजेड वाढवावा लागतो, आणि उजेड वाढला की जिवंत बाहुली आकसणारच. खास कॉन्टॅक्ट लेन्सचा विचार झाला होता, पण त्यांना डोळे सरावायला काही आठवडे लागले असते, म्हणून तो सोडून दिला. त्याच शॉटमध्ये ‘प्रेत’ हललं हे हिचकॉकची पत्नी अल्मा हिनं हेरलं असं म्हणतात. श्वास घेतला, आवंढा गिळला की पापणी लवली, ते सांगणाऱ्यागणिक बदलतं. मधे शॉवरच्या तोंडाचा तुकडा टाकून ते झाकलं, असं त्यावरचं स्पष्टीकरण. जोडणीतल्या अडचणीवर कटअवेसारखा स्वस्त उपाय नाही.

पाचवा मुद्दा चाकूचा. ‘चाकू अंगाला लागतच नाही, म्हणजे खून झालाच नाही.’ यातला पहिला भाग हिचकॉकचाच दावा आहे, आणि तोही पुरता खरा नाही. फ्रेम थांबवून पाहिलं तर एका तुकड्यात चाकूचं टोक पोटाला टेकलेलं दिसतं. चाकू आधी पोटाला लावून मग मागं ओढायचा आणि फिल्म उलटी जोडायची, ही त्याची सरळ युक्ती. रक्त उडवणारं खोटं धड मुद्दाम बनवून घेतलं होतं, तेही वापरलं नाही. उरलेले वार प्रेक्षकाच्या डोक्यात होतात.

सातवा, नाताळ. फिनिक्सच्या रस्त्यावर नाताळची सजावट दिसते, पण सिनेमाभर कुणी नाताळचं नावही काढत नाही. खरं आहे. बाहेरची दृश्यं घ्यायला पाठवलेल्या दुसऱ्या युनिटनं रस्ता चित्रित केला तेव्हा सजावट लागलेली होती. पुन्हा माणसं पाठवून रस्ता टिपण्यापेक्षा सुरुवातीलाच पडद्यावर ‘शुक्रवार, ११ डिसेंबर, दुपारचे २.४३’ अशी अक्षरं टाकली. १९५९ साली ११ डिसेंबरला शुक्रवारच होता. आता याला चूक म्हणा की ठिगळ, तुमची मर्जी.

शेवटी शेपूट : ‘शॉवरचा प्रसंग खरं तर डिझायनर सॉल बासनं दिग्दर्शित केला.’ त्यानं श्रेयनामावली आणि या प्रसंगाची चित्रफलकं (शॉटगणिक आधी काढलेली चित्रं) केली, काम मोठं आहे. पण कॅमेऱ्यामागं तो नव्हता, असं लीनंही सांगितलं आणि सहायक दिग्दर्शक हिल्टन ग्रीननंही.

गंमत म्हणजे डोळ्यांना उघड दिसणारी खोट या यादीत नाहीच. खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट जिन्यावरून मागं कोसळतो, तो पडत नाही, तरंगतो. कारण नट जिन्यावर नव्हताच. आधी रिकाम्या जिन्यावरून कॅमेरा खाली आणला. मग ते चित्र मागच्या पडद्यावर टाकलं आणि त्यापुढं नटाला एका खास खुर्चीत बसवून हात हवेत झाडायला लावले. म्हणून त्याचं धड जागच्या जागी राहतं आणि जिना त्याच्या मागून वर सरकत जातो. प्रोजेक्टात हे घाल, पोरी. सहावा मुद्दा आधी खोड.