घरबसल्या आपद्ग्रस्त व्हा

पूर येतो तो दुसऱ्याच्या गावात. भूकंप होतो तो शेजारच्या देशात. वादळ तर किनाऱ्यापर्यंत येतं आणि ऐन वेळी वळून निघून जातं. मग कोरड्या, धडधाकट, फोन पूर्ण चार्ज असलेल्या माणसाने करायचं काय? निराश होऊ नका. थोडी शिस्त पाळलीत तर घराबाहेर पाऊलही न टाकता तुम्हाला प्रत्यक्ष संकटात सापडलेल्यांपेक्षा जास्त घाबरता येईल.

ही जाहिरातबाजी नव्हे, याला शास्त्राचा आधार आहे. २०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा अमेरिकी संशोधकांनी लोकांच्या मनावरचा ताण मोजला. पुढच्या आठवडाभरात रोज सहा किंवा त्याहून जास्त तास स्फोटाच्याच बातम्या पाहणाऱ्यांमध्ये तीव्र ताणाची लक्षणं प्रत्यक्ष स्फोट अनुभवलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. तेव्हा रोजचे सहा तास ही किमान मात्रा समजा. दिवसातून दोनदा ठरावीक वेळी बातम्या ऐकून टीव्ही बंद करणाऱ्यांच्या हाती या क्षेत्रात काहीही लागत नाही.

वाहिनी निवडताना फसू नका. जी वाहिनी ‘याबद्दल अजून निश्चित माहिती मिळालेली नाही’ असं म्हणते, ती ताबडतोब बदला. माहिती नसताना गप्प बसायचं, तर चोवीस तासांची वाहिनी काढलीच कशाला? हवामान खात्याच्या वाटेलाही जाऊ नका. तिथली मंडळी कोणत्या जिल्ह्यात, किती वाजेपर्यंत, साधारण किती पाऊस, एवढंच सांगतात आणि पत्रक कधी काढलं तेही वर छापतात, म्हणजे काल रात्रीचा इशारा आज दुपारी नव्याने पसरवायची सोयच उरत नाही. त्यांच्या इशाऱ्यांत नारंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे हालचाल करा, असे अर्थ ठरलेले आहेत. तुम्हाला ते पाठ करायची गरज नाही. तुमच्या वाहिनीवर सगळंच लाल असतं.

थेट प्रक्षेपण पाहताना नजर वार्ताहरावर खिळवून ठेवा, मागून कोण जातंय तिकडे पाहू नका. २००५ साली अमेरिकेत एक वार्ताहर पुराच्या पाण्यात छोट्या होडीत बसून वल्हं मारत बातमी सांगत होती. प्रसंग गंभीर होता. तेवढ्यात दोन माणसं होडीच्या पुढून चालत गेली. पाणी जेमतेम त्यांच्या घोट्यांपर्यंत होतं. अशा बेजबाबदार पादचाऱ्यांमुळे किती चांगली थेट प्रक्षेपणं बुडाली असतील! पुढे वार्ताहर वाचलेल्या माणसासमोर माइक धरून ‘तुम्हाला आता काय वाटतंय?’ असं विचारेल. आवाज वाढवा. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळी लोकांनी याच प्रकाराला कंटाळून ‘भारतीय माध्यमांनो, घरी जा’ अशी मोहीम समाजमाध्यमांवर चालवली होती. पण ढिगाऱ्याशेजारी उभ्या असलेल्या माणसाला प्रेक्षकाची गरज काय कळणार?

आता मुख्य धड्याकडे वळू. १९ सप्टेंबर २०१७ रोजी मेक्सिको सिटी भूकंपाने हादरली, एक शाळा कोसळली. ढिगाऱ्याखाली बारा वर्षांची एक मुलगी जिवंत असल्याची बातमी आली. नावही कळलं, फ्रिदा सोफिया. ती बोटं हलवते आहे, नळीतून तिला पाणी पोहोचवलंय, ती एका दगडी टेबलाच्या आडोशाने वाचली आहे, तिच्याजवळ आणखीही मुलं आहेत. तास उलटत गेले, सगळा देश पडद्याला चिकटून बसला, जगभरच्या वाहिन्यांनी ती कहाणी उचलली. तिचे आईवडील मात्र कुठेच सापडत नव्हते. कोसळलेल्या शाळेत एक लेकरू जिवंत आहे असं सगळं जग म्हणतंय, आणि त्या लेकराची आई तिथे नाही! हा प्रश्न काहींना पडला. तुम्हाला पडता कामा नये. २१ तारखेला नौदलाने सांगून टाकलं, अशी कोणी मुलगीच नाही.

आणि ही थाप कुठल्या टवाळाने मारलेली नव्हती. वाहिन्यांना ती नौदलाच्या अधिकाऱ्यांकडूनच कळली होती, अधिकाऱ्यांना बचावाचं काम करणाऱ्यांकडून, आणि त्यांना धुळीतून, आवाजातून, आशेतून. प्रत्येकाने शेजाऱ्यावर विश्वास ठेवला, एवढंच. यातून आपण घ्यायचा नियम असा: दहा वाहिन्या एकच गोष्ट सांगत असतील तर ते दहा पुरावे धरायचे. त्या दहाही जणी एकाच माणसाच्या तोंडाकडे पाहत आहेत का, हे तपासायचं नाही. आणि ‘हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?’ हा प्रश्न तर अतिशय असभ्य. त्याने चांगल्या चांगल्या बातम्या जागच्या जागी मरतात.

फोटोंचं काम त्यामानाने सोपं. पुराच्या पाण्यातून मोटारीशेजारी पोहत चाललेला शार्क तुम्ही पाहिला असेलच. हा मासा मुळात दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात कयाक नावाच्या एका छोट्या होडीमागे पोहत होता. तो फोटो २००५ साली छापून आला. पुढे त्यातला शार्क कोणीतरी उचलला आणि २०११ मध्ये तो कॅरिबियन समुद्रातल्या प्वेर्तो रिको बेटाच्या रस्त्यावर अवतरला, २०१७ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या. असा अनुभवी शार्क पाठवायचा नाही तर कोणाला पाठवायचं? नेपाळच्या भूकंपात धाकट्या बहिणीला कवटाळून बसलेल्या भावाचा फोटो २००७ साली व्हिएतनाममध्ये काढलेला होता. फुकुशिमाचा किरणोत्सर्ग सगळ्या प्रशांत महासागरात पसरल्याचा जो रंगीत नकाशा अजूनही फिरतो, तो २०११ च्या त्सुनामीच्या लाटा कुठे किती उंच उठल्या हे दाखवणारा आहे. फोटो सर्च इंजिनात टाकला की तो आधी कुठे छापला होता ते बहुतेक वेळा अर्ध्या मिनिटात कळतं. म्हणूनच तो तिथे टाकू नये. तेवढ्या वेळात तीन ग्रुपांवर पाठवून होतो.

पण तुमच्यासारख्या सुरक्षित माणसाचा खरा प्रांत म्हणजे भाकीत. इथे आपली परंपरा थोर आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार आणि नेपाळला मोठा भूकंप झाला. त्यानंतर उठलेल्या अफवा जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या. जिथे जमीन हादरली पण नुकसान झालं नाही, अशा भागातल्या. पाटण्यावर भयंकर वादळ येणार आहे, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार आहे, अशा स्वरूपाच्या. म्हणजे ज्यांचं काही पडलं नव्हतं ते याहून वाईट काय होणार याची चर्चा करत होते. पुढे लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याचा असा अर्थ लावला की त्या लोकांना भीती तर वाटत होती, पण आजूबाजूला भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. मग भीतीला शोभेल असं संकट त्यांनी तयार केलं. पोटात गोळा आधी आला, तो कशासाठी हे मागून ठरलं.

तेव्हा हे काम तोंडोतोंडी करावं लागायचं. आता तुमच्या हाती फोन आहे आणि जोडीला नासाचं नाव. ‘आज रात्री आठ वाजून सहा मिनिटांनी दुसरा धक्का’ असं लिहा. मिनिटं घालायला विसरू नका, मिनिटांशिवाय विज्ञान वाटत नाही. मोठ्या भूकंपाचं भाकीत आजवर एकाही शास्त्रज्ञाला करता आलेलं नाही, असं अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं स्पष्ट सांगतं. सांगू दे. मोठ्या भूकंपानंतर लहानमोठे धक्के बसतच राहतात, त्यामुळे रात्री कधीतरी जमीन थोडी हलेलच, आणि तुम्ही द्रष्टे ठराल.

भाकिताने मन भरलं नाही, तर अफवेला एखादा गुन्हेगार जोडून पाहा. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर जपानमध्ये ‘कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत’ अशी अफवा उठली, वर्तमानपत्रांनीही ती छापली, आणि काही दिवसांत हजारो कोरियन माणसं मारली गेली. त्यात भूकंपाचा काहीही हात नव्हता. २००५ मध्ये कतरीना वादळानंतर अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोम या स्टेडियममध्ये खुनांचं सत्र चालू असल्याच्या आणि प्रेतांचा खच पडल्याच्या बातम्या आल्या. दोनशे मृतदेह असतील या तयारीने गेलेल्या पथकाला सहा मिळाले. त्यांत एकही खून झालेला नव्हता. दरम्यान, तिथले लोक गोळ्या घालताहेत या समजुतीने मदतीची काही पथकं शहराबाहेर थांबून राहिली होती. पण ती वाहिनीवर दिसत नव्हती, त्यामुळे तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

मृतांच्या आकड्याबद्दल एकच सांगतो. ज्या वाहिनीचा आकडा सगळ्यात जलद वाढतो, तिथेच थांबा. खरा आकडा फार रेंगाळतो. सप्टेंबर २०१७ मध्ये प्वेर्तो रिकोवर मारिया वादळ आदळलं. सरकारी आकडा कित्येक महिने ६४ वरच अडकला होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सरकारनेच तो २,९७५ केला. बरीच माणसं वारा थांबल्यानंतर गेली होती, अंधाऱ्या घरांमध्ये, औषधं आणि उपचार वेळेवर न मिळाल्यामुळे. तिथे होडी नव्हती, शार्क नव्हता, वार्ताहराला छत्री सावरत उभं राहण्याजोगा वारा नव्हता. दाखवणार काय? आणि एवढे महिने एकाच आपत्तीत अडकून पडलात तर मधल्या चारपाच आपत्ती हुकतील, त्यांचं काय?

शेवटी एक सूचना, आमची जबाबदारी मर्यादित राहावी म्हणून. वरचं सगळं मार्गदर्शन वीज चालू असेपर्यंतच लागू आहे. संकट खरोखर तुमच्या दाराशी आलं तर टीव्ही बंद असेल, नेटवर्क मधूनच येईल आणि फोनची बॅटरी मोजून वापरावी लागेल. त्या वेळी बॅटरीवरचा रेडिओ, नियंत्रण कक्षाचा आधीच कागदावर लिहून ठेवलेला नंबर, कोणता पूल बंद आहे, निवारा कुठल्या शाळेत आहे, प्यायचं पाणी कुठे मिळेल, असल्या अत्यंत नीरस बातम्या लागतात. आमच्याकडे त्या मिळत नाहीत.