चार सामन्यांचा प्रभारी

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबचा २०२४ मध्ये चार सामन्यांपुरता प्रभारी प्रशिक्षक राहिलेल्या रूड व्हॅन निस्टलरॉयबद्दल मी लेखात फार हळवं होऊन लिहिलं. चार सामन्यांत, त्यातही दोन लेस्टरशी, काय सिद्ध होतं? नवा प्रशिक्षक आपली माणसं आणणारच. आणि पुढे लेस्टर क्लबचा प्रशिक्षक असताना त्याचं जे झालं त्यावरून युनायटेडचंच बरोबर ठरलं.

लेस्टरचं मान्य. एप्रिल २०२५ मध्ये, पाच सामने बाकी असतानाच ते प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीतून खाली गेले, जूनमध्ये तोही गेला. तिथे तो कमी पडला. पण त्याला मँचेस्टर युनायटेडचा कायमचा प्रशिक्षक करा, असं मी कुठे लिहिलं होतं? त्यालाही तो हट्ट नव्हता. मुख्य प्रशिक्षक टेन हागला काढल्यावर संघ हाती आला तेव्हा तो उघड सांगत होता, की मी इथे मदतीला आलोय आणि सहायक म्हणून राहायला तयार आहे. याच क्लबसाठी १५० गोल केलेला, नेदरलँड्सच्या पीएसव्ही क्लबला मुख्य प्रशिक्षक म्हणून डच कप जिंकून दिलेला माणूस २०२४ च्या उन्हाळ्यात दुय्यम जागेवर आला होता. त्याचं मागणं एवढंच होतं.

माझी आई परळच्या एका शाळेत सव्वा वर्ष प्रभारी मुख्याध्यापिका होती. नव्या बाई रुजू झाल्या, तिने चार्ज दिला, कपाटाच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि दुसऱ्या तासाला सातवी ब वर गणित शिकवायला गेली. वाईट तिलाही वाटलं होतं, पण तिचा वर्ग तिला परत मिळाला. रूडला मिळाला नाही. ११ नोव्हेंबरला नवा प्रशिक्षक रूबेन अमोरिम आला आणि त्याच दिवशी हा बाहेर. २०२१ मध्ये युनायटेडचा प्रभारी मायकेल कॅरिकही तीन सामने सांभाळून गेला होता. पण आर्सेनलला हरवलं त्या रात्री जायचं त्याने स्वतः ठरवलं होतं.

आपल्या मुंबई सिटी फुटबॉल क्लबचं उदाहरण तुम्हीच दिलंत. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेला, पीटर क्रॅटकी आला, मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून इंडियन सुपर लीगचा कप आणला. मधलं कोणाला आठवतं? मला आठवतं. मधे अँथनी फर्नांडिसने संघ सांभाळला होता.

रूडचे ते चार सामनेही मला आठवतात. पहिला आपल्याकडे नरक चतुर्दशीच्या रात्री सव्वाला सुरू झाला. लेस्टरला ५-२ हरवलं, तीन वाजून गेले, झोप लागलीच नाही, तसंच उटणं लावून अभ्यंगस्नान केलं. चारांत तीन विजय आणि चेल्सीशी बरोबरी. विस्कटलेल्या संघाला त्या दोन आठवड्यांत कोणीतरी धरून ठेवायला हवं होतं, ते त्याने केलं.

अमोरिमला स्वतःची माणसं हवी होती आणि तो त्याचा हक्क होता, हे मात्र तुमचं बरोबर. म्हणून मूळ लेखातला ‘अपमान’ हा शब्द काढून तिथे ‘दुखलं’ असं लिहिलं आहे. लेस्टरला रुजू झाल्यावर रूडने स्वतः हेच सांगितलं होतं.