हर्मिटेज कसं उरकावं

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं हर्मिटेज संग्रहालय पाहायला सगळ्यात उत्तम वार म्हणजे सोमवार. त्या दिवशी ते बंद असतं. राजवाड्यासमोरच्या चौकात उभं राहायचं, हिरव्या-पांढऱ्या हिवाळी महालाचा फोटो काढायचा, ‘अप्रतिम संग्रहालय!’ असं लिहून फॅमिली ग्रुपवर टाकायचा आणि जेवायला जायचं. फोटोवर महाल उघडा आहे की बंद हे कळत नाही, आणि मामेभावंडांपैकी कोणी ते विचारतही नाही.

पण टूरवाल्यांनी तुमच्या नशिबी मंगळवार लिहिला असेल, तर मात्र थोडी तयारी हवी.

आधी हिशोब समजून घ्या. हर्मिटेजकडे तीस लाखांहून जास्त वस्तू आहेत. एकेका वस्तूला एक मिनिट दिलं, तर न झोपता, न जेवता साडेपाच वर्षांच्या वर लागतात. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत दिलाय दीड तास. म्हणजे सेकंदाला साधारण साडेपाचशे वस्तू. त्यातल्या बऱ्याचशा वस्तू कोठारांत असतात आणि लाखो तर नुसती नाणी आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पाय उचलत राहा.

इमारती किती, हे अजिबात विचारू नका. विचारलंत की गाइड १७६४ पासून सुरुवात करतो. बर्लिनच्या गोत्झकोव्स्की नावाच्या व्यापाऱ्याने प्रशियाच्या राजासाठी चित्रं जमवली, युद्धामुळे राजाची तिजोरी रिकामी झाली, आणि ती चित्रं रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन हिने उचलली. मग चित्रं ठेवायला महालाला चिकटून धाकटं हर्मिटेज, ते पुरेना म्हणून जुनं हर्मिटेज, पलीकडे नाट्यगृह, पुढे तिच्या नातवाच्या काळात नवं हर्मिटेज. महाल धरून या पाच इमारती नेव्हा नदीकाठी एकमेकींना जोडलेल्या आहेत. आतून फिरताना आपण एकीतून दुसरीत कधी गेलो ते कळत नाही, आणि परत यायची वाट सापडत नाही. तुमच्या दृष्टीने हा फायदाच. हरवण्यात गेलेला वेळही ‘पाहण्यात’ धरता येतो.

मजल्यांच्या बाबतीत मात्र आपल्या शाळेत शिकवलेलंच खरं माना. रशियात तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, हे लक्षात ठेवलंत तर लिओनार्दो थेट सापडेल आणि सगळा बेत फसेल. नकाशात ‘दुसरा मजला’ दिसला की बिनधास्त दोन जिने चढा.

पैशांचंही तसंच. भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड २०२२ पासून रशियात चालत नाही. रोख रूबल जवळ ठेवा, असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि खिडकीवर जाऊन कार्डच पुढे करा. मागची रांग तुमच्याकडे कौतुकाने बघेल.

थंडीत गेलात तर कोट खाली गार्देरोबमध्ये जमा करावा लागतो. इथे तुमची खरी परीक्षा. रशियन कोटाला मानेपाशी आतून खुंटीला अडकवायचा एक बंद शिवलेला असतो. तुमच्या जॅकेटचा तो कधीच तुटलेला असतो. काउंटरमागच्या बाई जॅकेट उलटंपालटं करून तो बंद शोधतात, मग तुमच्याकडे बघतात, मग पुन्हा जॅकेटकडे. एक अक्षर रशियन येत नसलं तरी त्या काय म्हणाल्या ते पुरतं कळतं. खिशातली चिवड्याची पुडी तेवढी आधी काढून घ्या.

दालनादालनात खुर्चीवर एकेक वयस्कर बाई बसलेली असते. ती डुलकी घेतेय असं समजून चित्राच्या जवळ बोट न्या आणि तुमचा अंदाज चुकला हे अनुभवा. १९८५ साली एका माणसाने रेम्ब्राँच्या ‘दानाए’वर चाकू चालवला आणि सल्फ्युरिक आम्ल फेकलं, चित्र पुन्हा भिंतीवर यायला बारा वर्षं लागली. अशा घरात ‘अहो, मी फक्त दाखवत होतो’ हे मराठीत कितीही कळवळून सांगितलं तरी उपयोग होत नाही.

खरं तर पाहुण्यांनी कसं वागावं याचे नियम खुद्द कॅथरिननेच करून ठेवले होते. पदव्या, टोप्या आणि विशेषतः तलवारी दाराबाहेर ठेवाव्यात. दुसऱ्याचं डोकं दुखेल इतक्या मोठ्याने बोलू नये. सुस्कारे सोडू नयेत, जांभया देऊ नयेत. काही मोडू नये, काही कुरतडू नये. नियम मोडणाऱ्याला पेलाभर थंड पाणी पिऊन त्रेदियाकोव्स्कीच्या ‘तिलेमाखिदा’ या महाकंटाळवाण्या काव्याचं एक पान मोठ्याने वाचायची शिक्षा होती. बाई गेल्या, शिक्षा गेली. आता मोकळेपणाने जांभया द्या. हे सगळं वैभव मी आणि उंदीर एवढेच बघतो, असं तीच म्हणाली होती म्हणे. उंदरांचा बंदोबस्त तळघरातल्या मांजरांकडे आहे. बघणाऱ्यांची उणीव आता तुम्ही भरून काढायची.

लिओनार्दोच्या दालनात मात्र पंढरपूरच्या मुखदर्शनाची तयारी ठेवा: मागून रेटा, पुढे डोकी, क्षणभर काच. ‘बेन्वा मॅडोना’ हे मेरी आणि बाळ येशूचं चित्र जेमतेम दीड फूट उंचीचं आहे. आई इतकी तरुण, की थोरली बहीणच वाटावी. ती हसतेय, आणि बाळ मात्र कपाळाला आठ्या घालून तिच्या हातातल्या फुलावर नजर खिळवायचा प्रयत्न करतंय. नजर खिळवणं ही गोष्ट ते नुकतंच शिकतंय, हे दिसायला निदान पाच मिनिटं उभं राहावं लागतं. म्हणून तुम्ही मोबाइल डोक्यावर धरून तीन फोटो काढा आणि सटका. फोटोत पुढच्या बाईंची टोपी छान येते.

रेम्ब्राँच्या ‘उधळ्या मुलाच्या पुनरागमना’समोर बसायला मिळालं तर चटकन बसा. आठ फुटांहून उंच त्या चित्रात पोरगा बापापुढे गुडघे टेकून आहे. एका पायातली चप्पल गळून पडली आहे आणि चालून चालून झिजलेला तळवा नेमका आपल्याकडे आहे. त्याच्याकडे पाठ करून बुटाच्या नाड्या सैल करा आणि सोबत्यांना सांगा, “पायाचे तुकडे पडले हो अगदी!”

मोराचं घड्याळ सगळ्यांना बघायचं असतं. जेम्स कॉक्सचा तो सोन्याने मढवलेला मोर पिसारा फुलवून गोल फिरतो, पण किल्ली बुधवारी संध्याकाळी देतात. तुम्ही मंगळवारी सकाळी जाऊन ‘हा नाचत का नाही’ अशी गाइडकडे तक्रार करा. शेजारी पडद्यावर तो नाचताना दाखवतात. त्या पडद्याचा व्हिडिओ काढा.

नेपोलियनशी लढलेल्या १८१२ च्या सेनानींच्या दालनात तीनशेहून जास्त जनरलांची चित्रं आहेत, आणि मधेमधे तेरा चौकटी नुसत्या हिरव्या कापडाच्या. ज्यांचा चेहरा चित्रकाराला मिळाला नाही त्यांची फक्त नावं. रिकाम्या चौकटींशी या घराचं नातं पुढेही राहिलं. १९४१ मध्ये जर्मन येत होते तेव्हा लाखो वस्तू आगगाडीने स्वेर्दलोव्स्कला हलवल्या आणि चौकटी भिंतींवर तशाच ठेवल्या. जर्मनांनी शहराला घातलेल्या वेढ्याच्या उपाशी दिवसांत इथल्या एका माणसाने सैनिकांना त्या रिकाम्या चौकटींसमोर उभं करून कुठे कोणतं चित्र होतं, कोणाचा हात कसा होता, उजेड कुठून येत होता, ते सगळं सांगितलं. सैनिकांनी ते पाहिलं. आता चित्रं जागेवर परत आली आहेत, त्यामुळे तुमचं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे. भरलेल्या चौकटीसमोर उभं राहून काहीही न पाहायचं.

देशाभिमानाची संधीही सोडू नका. नादिरशहाने १७३९ मध्ये दिल्ली लुटली आणि दोन वर्षांनी त्या लुटीतला वाटा हत्तींसकट रशियाच्या दरबारी भेट पाठवला. शाहजहानच्या नावाची अंगठी त्यातून इथे आली. ती रत्नदालनात असते. तिथे वेगळं तिकीट आणि सोबत त्यांचा गाइड लागतो. तेवढे पैसे कशाला घालवायचे? बसमध्ये बसून ‘आपलंच सोनं आपल्यालाच तिकीट काढून दाखवतात’ हे भाषण फुकटात होतं, टाळ्याही मिळतात.

बाहेर आलात की कोणीतरी शहाणा सांगेल, की मोने, व्हॅन गॉग, गोगँ, मातीस हे सगळे चौकापलीकडच्या जनरल स्टाफ इमारतीत आहेत, आणि आपण काहीच पाहिलं नाही. त्याचं ऐकू नका. तुमच्याकडे काकांनी दिलेलं जुनं गाइडबुक आहे, त्यात ते हिवाळी महालातच आहेत. शिवाय बस सुटायला सात मिनिटं उरली आहेत आणि दोघंजण अजून स्वच्छतागृहाच्या रांगेत आहेत. त्या सात मिनिटांत त्या इमारतीच्या कमानीखाली ग्रुप फोटो घ्या. आत मातीसच्या चित्रातली पाच लालभडक माणसं हातात हात घालून नाचत असली तर नाचू देत. कमानीवर विजयरथ आहे, त्याला सहा घोडे आहेत. फोटोत सहाच्या सहा आले पाहिजेत, कापले गेले तर पुन्हा काढायला लावा.