आलिशान सेडानचे ट्यूनिंग करण्याआधी मागच्या सीटवर बसून पाहा

माझ्या सेडानला नवा एक्झॉस्ट बसवल्यानंतरच्या पहिल्याच लांबच्या प्रवासात मागे बसलेल्या आईने तासाभराने विचारले, "कुठली काच उघडी राहिली आहे का रे?" चारही काचा बंद होत्या. तिला ऐकू येत होता तो वाऱ्याचा आवाज नव्हता. मी हौसेने, मधला रेझोनेटर (एक्झॉस्टच्या पाइपातला आवाज दाबणारा डबा) काढून टाकून बसवून घेतलेल्या सायलेन्सरचा तो घुमारा होता. वर्कशॉपमध्ये गाडी जागेवर उभी असताना तोच आवाज इतका भारदस्त वाटला होता की मी दोनदा तिथल्या तिथे रेस करून तो ऐकला होता. आठव्या गिअरमध्ये, एका लयीत गाडी चालू असताना मात्र तो कानावर नव्हे तर थेट कपाळावर बसत होता. ट्यूनिंग आणि एक्झॉस्ट निवडताना काय पाहावे, याबद्दलची माझी मते त्या प्रवासात पक्की झाली, आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांसाठी ती सविस्तर मांडावीशी वाटतात.

घुमाऱ्याचे गणित सोपे आहे. फोर-स्ट्रोक इंजिनाचे सहा सिलिंडर असतील, तर क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात तीन सिलिंडरांमध्ये इंधन पेटते. मिनिटाला २००० फेरे असतील तर ६००० ठोके, म्हणजे सेकंदाला १००. हा १०० हर्ट्झचा खर्जातला सूर बंद केबिनमध्ये कोंडतो, आणि लांबच्या प्रवासात सहा सिलिंडरची मोठी सेडान बहुतेक वेळ याच फेऱ्यांच्या आसपास धावत असते. चार सिलिंडरच्या गाडीत तोच सूर ६७ हर्ट्झच्या आसपास येतो आणि अधिकच जड वाटतो. कंपनीचे इंजिनिअर मधला रेझोनेटर बसवतात तो नेमका हा सूर मारण्यासाठी. तो काढून बाजूला एक बंद टोकाची नळी जोडूनही हे काम साधता येते, पण त्या नळीची लांबी त्या सुराच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असावी लागते. गरम धुरात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर १०० हर्ट्झसाठी ती सव्वा मीटर भरते. गाडीखाली जागा मिळेल तेवढी नळी अंदाजाने वेल्ड करून हा घुमारा जात नाही.

म्हणून माझे पहिले आणि ठाम मत असे आहे की आवाज आणि ताकद या दोन वेगळ्या खरेद्या आहेत, आणि त्यांतली आपल्याला कोणती हवी आहे हे वर्कशॉपची पायरी चढण्याआधी ठरवलेले असावे. टर्बो गाडीत, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असलेल्या गाडीत, कॅटपासून (धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून) गाडीच्या मागच्या टोकापर्यंतचा सगळा पाइप बदलला तरी ताकदीत जाणवण्याइतका फरक क्वचितच पडतो; बदलतो तो मुख्यतः आवाज आणि, स्टेनलेस स्टीलऐवजी टायटॅनियम घेतल्यास, वजन. "इंजिनाला थोडे बॅक-प्रेशर (बाहेर पडणाऱ्या धुराला होणारा अडथळा) लागतेच" हे वाक्य मी अनेक फिटरांच्या तोंडून ऐकले आहे, आणि ते खरे नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात धुराचा वेग टिकावा म्हणून पाइपचा व्यास फार वाढवू नये, इतपत त्यात तथ्य आहे. टर्बोतून धूर बाहेर पडल्यानंतरच्या वाटेत मात्र अडथळा जितका कमी तितके बरे. हा अडथळा प्रामुख्याने डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पाइपात आणि त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये असतो. त्यामुळे ताकदीच्या मागे लागलेला माणूस शेवटी कॅट काढण्याच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतोच. मी तो काढला नाही आणि कोणालाही काढू देण्याचा सल्ला देणार नाही. कित्येक देशांत ते बेकायदेशीर आहे हे एक कारण झाले. पण आपल्या मागच्या गाडीत आणि फुटपाथवरून चालणाऱ्या लेकरांच्या छातीत तो धूर जातो, हे माझ्यासाठी त्याहून मोठे कारण आहे. फारच हौस असेल तर कमी घनतेच्या जाळीचा, प्रमाणित कॅट असलेला डाउनपाइप मिळतो, त्यावर थांबावे.

आता रीमॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सॉफ्टवेअरमधला बदल. तुमच्या सेडानचे इंजिन टर्बो नसेल तर संगणकातले सॉफ्टवेअर बदलून फारसे काही हाती लागत नाही, आणि हे तुम्हाला स्पष्टपणे सांगणारा ट्यूनर भेटला तर त्याला धरून राहावे. टर्बो इंजिनात मात्र बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब), इंधन आणि इग्निशनची वेळ या तिन्हींना हात घालता येतो, त्यामुळे कुठलाही सुटा भाग न बदलता, म्हणजे ज्याला स्टेज १ म्हणतात तेवढ्यावर, चांगलीच वाढ मिळते. इथे बहुतेकांची नजर जास्तीत जास्त हॉर्सपॉवरच्या आकड्यावर खिळते. माझ्या मते पाहायला हवे ते आलेखावरच्या टॉर्कच्या (इंजिनाच्या पिळाच्या जोराच्या) रेषेचे डावे टोक, म्हणजे कमी फेऱ्यांचा भाग. १६००–१८०० फेऱ्यांवरच सगळा टॉर्क ओतला की गाडी चटकन उसळते आणि चाचणीच्या फेरीत मालक खूश होतो. पण कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये दाब एकदम वाढणे हे थेट इंधन-फवारणीच्या टर्बो इंजिनांना सर्वांत त्रासदायक, कारण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा धोका तिथेच असतो, आणि पिस्टन फुटण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. शिवाय तो टॉर्क गिअरबॉक्सला झेलावा लागतो. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे नावच बोलके आहे: ८एचपी५० मधला ५० हा आकडा साधारण ५०० न्यूटन-मीटरची क्षमता सांगतो. आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे हे आधी शोधावे आणि ट्यूनरला टॉर्क त्या हिशेबात बांधून घ्यायला सांगावे. मी तो २५०० फेऱ्यांपर्यंत हळूहळू चढता ठेवायला सांगितला, आणि गाडीचा मूळचा मऊपणा टिकला तो मुख्यतः त्यामुळेच.

डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद हातात पडल्यावर लगेच समाधान मानू नये. ट्यून करण्याआधीची रीडिंग त्याच दिवशी, त्याच यंत्रावर घेतलेली असावी. चाकावर मोजलेली ताकद इंजिनावरच्या ताकदीपेक्षा नेहमी कमी दिसते, तेव्हा कंपनीच्या आकड्याशी तिची थेट तुलना करू नये. आणि पहिल्या फेरीपेक्षा लागोपाठच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीचा आकडा जास्त खरा मानावा, कारण तोवर इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) तापलेला असतो आणि गाडीची खरी कुवत उघडी पडते. माझ्या गाडीच्या आलेखावरची रेषा सुरेख होती, पण मी लॉग (चाचणीत संगणकाने केलेली नोंद) मागितला तेव्हा दोन सिलिंडरांत इंजिनाचा संगणक नॉकिंग (सिलिंडरमध्ये मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) टाळण्यासाठी इग्निशन तीन-तीन अंश मागे ओढत असल्याचे दिसले. अर्थात त्या मॅपला मी भरत असलेल्या पेट्रोलपेक्षा जास्त ऑक्टेन हवे होते. ट्यूनरने बूस्ट उतरवला, वरचे काही हॉर्सपॉवर गेले, आणि त्या स्क्रीनवरचे अंश शून्यावर आलेले पाहून मला जे समाधान वाटले ते कुठल्याही आकड्याने दिले नसते.

ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट फुटणारा आवाज आजकाल रीमॅपसोबत फुकट देऊ केला जातो. तो घेऊ नये. इग्निशन उशिरा करून इंधन एक्झॉस्टमध्ये जाळल्याशिवाय तो येत नाही, आणि ती उष्णता टर्बो व कॅट दोघांनाही सोसावी लागते.

वॉरंटी आणि विमा यांबद्दल थोडक्यात सांगतो: रीमॅपची खूण संगणकात बहुतेक वेळा सापडते, तेव्हा विमा कंपनीला बदल लेखी कळवावा आणि वॉरंटी संपेपर्यंत थांबता आले तर थांबावे. स्पार्क प्लग, ब्रेक ऑइल आणि टायर हे ट्यूनच्या आधी बघावेत, नंतर नाही.

एक्झॉस्ट घ्यायचाच असेल तर झडपेचा घ्यावा, म्हणजे बंद झडपेवर गाडी मूळच्या शांततेच्या जवळ राहते. आणि पैसे देण्याआधी तोच एक्झॉस्ट, तुमच्याच इंजिनाच्या दुसऱ्या एखाद्या गाडीवर, मागच्या सीटवर बसून, २००० फेऱ्यांवर किमान अर्धा तास ऐकावा. काढलेले मूळ भाग भंगारात देऊ नयेत. माझा रेझोनेटर गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता म्हणूनच तो आठवड्याभरात परत बसवता आला, आणि त्यानंतरच्या प्रवासात आई मागच्या सीटवर झोपली.