हेल्मेट घातलं की वरून वीट पडली तरी चालते? नाही

'आयएसआय मार्कचं हेल्मेट असेल तर दहाव्या मजल्यावरून वीट पडली तरी डोक्याला काही होत नाही, आणि फुटेपर्यंत ते वापरता येतं,' असा मेसेज बांधकामावरच्या ग्रुपांत फिरतोय. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि जिवावर बेतणाऱ्या आहेत.

युरोपच्या ईएन ३९७ मानकाचं उदाहरण घ्या. त्यात ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर सोडतात. म्हणजे साधारण ४९ ज्यूल ऊर्जा. ३ किलोची वीट ३० मीटरवरून, म्हणजे साधारण दहाव्या मजल्यावरून आली तर ही ऊर्जा जवळपास ८८० ज्यूल होते, सुमारे अठरा पट! वेग ताशी ८५ किलोमीटरच्या पुढे. मार्क खरा असला तरी हा मार झेलायला हेल्मेट बनवलेलंच नसतं. निसटलेला पाना, छोटा खडा यांसाठी ते हवंच, त्यात तडजोड नको.

आतल्या पट्ट्या आणि कवच यांच्यामधली मोकळी जागा धक्का जिरवते. तिथे रुमाल किंवा तंबाखूची पुडी खुपसलेली सर्रास दिसते. मग धक्का थेट कवटीला. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं. जोराचा मार बसलेलं हेल्मेट तडा दिसत नसला तरी टाकून द्यायचं.

वीट खाली येऊच नये ही जबाबदारी ठेकेदाराची: परांचीच्या कडेला आडवी फळी, खाली जाळी, हत्यारांना दोरी, आणि वर काम चालू असताना खालचा भाग बंद. मुकादमाने हेल्मेट दाखवून यातलं काही टाळलं, तर बिगाऱ्याने खाली उभं राहायला नकार द्यावा.