नवं ब्लेड लावलं की झालं? सलूनबद्दलच्या फिरत्या सल्ल्यांना उत्तर

केसांविषयीचे काही सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर आणि छोट्या व्हिडिओंतून वर्षानुवर्षं फिरत आहेत. शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. केस वरचेवर कापले की दाट येतात. नवं ब्लेड आणि तुरटी असली की दुकान स्वच्छ. मान मोडून घेतली की डोक्यात रक्त खेळतं. केराटिन म्हणजे केसांचं अन्न, काळी मेंदी पूर्ण नैसर्गिक. आणि शेवटी, फोटो दाखवा. जो कारागीर फार विचारत न बसता कात्री चालवतो तोच खरा उस्ताद. यातल्या शेवटच्या सल्ल्याने सगळ्यात जास्त केस बिघडतात आणि दुसऱ्यामुळे आजार घरी येऊ शकतो. म्हणून त्या दोघांना जास्त जागा दिली आहे.

“केस कापत राहिलं, जावळ दोनतीनदा काढलं, की दाट येतात”

डोक्यावर दिसतो तो केस निर्जीव असतो. वाढ होते ती त्वचेच्या तीनचार मिलिमीटर खाली असलेल्या मुळात, आणि तिथवर ना कात्री पोहोचते ना वस्तरा. 1928 मध्येच अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी दाढीचे केस मोजून तपासले होते. वस्तरा फिरवल्याने ना जाडी बदलली, ना रंग, ना वाढीचा वेग. मग हाताला खरखरीत का लागतं? न कापलेल्या केसाचं टोक गवताच्या पात्यासारखं निमुळतं असतं. ब्लेड तो मधेच आडवा छाटतं आणि बोटाला खुंट लागतात.

बाळाचे जन्मासोबतचे मऊ केस पहिल्या काही महिन्यांत तसेही गळतात आणि पुढे हळूहळू जाड केस येऊ लागतात. जावळ काढायची वेळ नेमकी याच बदलाच्या आसपास पडते, म्हणून श्रेय वस्तऱ्याला जातं. जावळ हा संस्कार आहे, मामाच्या मांडीवर बसवून हौसेने करावा. पण केस दाट व्हावेत म्हणून पुन्हापुन्हा गोटा करू नये. टाळू भरायला दीड वर्षही लागतं, बाळ मान स्थिर ठेवत नाही, आणि त्या नाजूक कातडीला ब्लेड पटकन लागतं.

टोकं छाटण्याचा फायदा वेगळा आहे. फुटलेल्या टोकाची चीर वर सरकत जाते आणि केस मधेच तुटतो. दोनतीन महिन्यांनी अर्धा ते एक सेंटिमीटर छाटलं तर लांबी टिकते. केसांची संख्या मात्र वाढत नाही.

“समोर नवं ब्लेड लावलं, तुरटी फिरवली, आता काळजी नको”

समोर कागद फाडून नवं ब्लेड काढलं, त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवला, हे चांगलंच आहे. त्यावर तडजोड नकोच. पण ब्लेड ज्या पकडीत बसतं ती कोणी धुतली? फेसाचा ब्रश, तुरटीचा खडा, मशीनची पाती, कंगवा, टॉवेल या सगळ्या वस्तू आधीच्या गिऱ्हाइकाच्या कातडीवरून आलेल्या असतात. यकृताला सूज आणणाऱ्या हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहू शकतो, आणि डोळ्याला दिसणार नाही इतकं रक्त त्याला पुरतं. गजकर्ण आणि केसांच्या मुळांशी होणारे पुरळ तर मशीनच्या पात्यांवरून सहज लागतात. (डोक्यावर अचानक गोल गुळगुळीत चट्टा पडतो ती चाई मात्र दुकानातून लागत नाही. तिथे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. त्यासाठी कारागिराला दोष देऊ नये, त्वचारोगतज्ज्ञांकडे जावं.)

तुरटी काय करते? कातडी आकसवते, बारीक जखमेतलं रक्त थांबवते. जंतूंवर तिचा थोडाफार परिणाम होतो, पण एकाच्या ओल्या कापावरून फिरवलेला खडा दुसऱ्याच्या कापावर घासला की ती आजार पोहोचवणारी वस्तू होते. खडा स्वतःचा असावा, नाहीतर तुरटीची पूड स्वच्छ कापसावर घेऊन टिपावी. घरून शंभर ग्रॅमचा खडा डबीत घालून नेला तर वर्षभर पुरतो.

साधनं नीट स्वच्छ करायचा क्रम असा: आधी अडकलेले केस ब्रशने काढायचे, मग साबण आणि पाण्याने धुवायचं, पुसून कोरडं करायचं, आणि त्यानंतर 70 टक्के अल्कोहोल लावून ते आपोआप वाळू द्यायचं. हा क्रम उलटा करून चालत नाही. केस आणि तेल चिकटलेल्या कंगव्यावर सॅनिटायझर फवारला तर तो त्या मळावरच राहतो, खालपर्यंत पोहोचत नाही. अँटिसेप्टिकच्या गढूळ पाण्यात सकाळपासून बुडवलेले कंगवे हा याच चुकीचा दुसरा प्रकार. साधनं निर्जंतुक करायला ठेवतात त्या निळ्या दिव्याच्या पेटीचंही तसंच आहे: प्रकाश ज्या पृष्ठभागावर पडतो तेवढ्यावरच तो काम करतो. एकावर एक रचलेल्या कात्र्यांच्या मधल्या फटी तशाच राहतात. ती पेटी धुतलेली साधनं ठेवायला ठीक आहे.

मशीन पाण्यात घालता येत नाही, म्हणून त्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. दर गिऱ्हाइकानंतर पाती ब्रशने झाडून, अल्कोहोलने पुसून, वाळल्यावर तेलाचे दोनतीन थेंब टाकून दहापंधरा सेकंद चालवायला हवं. तेल नसलं की पाती तापतात आणि कापण्याऐवजी केस ओढतात. मानेवर चटका बसतोय असं वाटलं तर लगेच थांबायला सांगा.

खुर्चीवर बसण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा. कापड झटकून तेच पुढच्या मानेला बांधतात, की मानेभोवती आधी कागदी पट्टी किंवा स्वच्छ टॉवेल येतो? वापरलेलं ब्लेड जाड डब्यात जातं, की आरशासमोरच्या फळीवर पडतं? या दोन गोष्टींवरून दुकानाची शिस्त कळते, मग ते चौकातलं दोन खुर्च्यांचं दुकान असो की मॉलमधलं. हिपॅटायटिस बी ची लस मोठ्यांनाही घेता येते: पहिला डोस, एका महिन्याने दुसरा, पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. दिवसभर ब्लेड हाताळणाऱ्या कारागिरांनी तर ती घेतलीच पाहिजे. आपल्याइतकाच धोका त्यांनाही आहे.

“मान मोडून घ्या, रक्ताभिसरण सुधारतं”

नाही. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधल्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्याने पिरगळली की त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी धरते आणि ती मेंदूत जाऊन पक्षाघात होतो. हे क्वचित होतं, पण झालं तर आयुष्यभराचं असतं. केस धुताना मान बेसिनच्या कडेवरून मागे लटकत राहिल्यानेही असं होऊ शकतं: अमेरिकेतले मज्जातंतूतज्ज्ञ मायकेल वाइनट्रॉब यांनी 1993 मध्ये अशा पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. चंपी जरूर करून घ्या, बोटांनी, डोक्यावर आणि खांद्यांवर. मान मोडायला मात्र आधीच स्पष्ट नकार द्या, कारण तो झटका न विचारता दिला जातो. बेसिनवर मानेखाली टॉवेलची जाड घडी मागून घ्या. नंतर मानेत एका बाजूला नवीनच दुखू लागलं, गरगरलं, दोन दोन दिसायला लागलं किंवा बोलताना जीभ अडखळली, तर झोपून पाहू नका, थेट रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारं औषध सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं.

“केराटिन म्हणजे अन्न, काळी मेंदी म्हणजे निसर्ग”

केस स्वतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो हे खरं. पण वरून लावलेलं केराटिन केसाला खाऊ घालता येत नाही, कारण निर्जीव केस काही खात नाही. सलूनमधल्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये केस सरळ होतात ते रसायनामुळे आणि साधारण 230 अंशांच्या इस्त्रीमुळे. जुन्या पद्धतीत ते रसायन फॉर्मॅल्डिहाइड असतं, आणि ते माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. बाटलीवर ‘फॉर्मॅल्डिहाइड नाही’ असं असलं तरी मागची बारीक अक्षरं वाचा. मेथिलीन ग्लायकॉल म्हणजे पाण्यात विरघळलेलं फॉर्मॅल्डिहाइडच. त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल असेल तर प्रश्न वेगळा: 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका तरुणीची नोंद आली, जिला ते असलेल्या क्रीमने केस सरळ केल्यावर तीन वेळा मूत्रपिंडाला इजा झाली होती. इस्त्री फिरताना डोळे झोंबत असतील तर ती वाफ तुमच्याइतकीच त्या कारागिराच्या फुप्फुसातही जाते, आणि तो तिथे रोज उभा असतो.

मेंदीच्या पानाचा रंग नारिंगी-तांबडा. निव्वळ मेंदीने केस काळेभोर होत नाहीत. तासाभरात काळा रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमिन हे रंगाचं रसायन असतं. “इतकी वर्षं लावतोय, काही झालं नाही” हा भरवसा इथे कामाचा नाही, कारण याची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यानंतरही सुरू होते. कानामागे रुपयाएवढा ठिपका लावून 48 तास थांबा. खाज, लाली, सूज यांतलं काहीही दिसलं तर तो रंग लावू नका.

“फोटो दाखवा, न विचारता कापतो तो उस्ताद”

कात्री हातात घेण्याआधीची पाच मिनिटं ही कारागीर ओळखायची सगळ्यात भरवशाची जागा आहे, आणि हा सल्ला नेमकी तीच वगळायला सांगतो.

जाणता कारागीर केस आधी कोरडेच पाहतो. पाण्याचा फवारा मारला की भोवरा दबतो, कुरळेपणा ताणला जातो, खरी ठेवण लपते. तो भोवरा कोणत्या दिशेला फिरतो ते पाहील, कारण भोवऱ्यावरचे केस फार आखूड केले की उभेच राहतात. कपाळावरच्या रेषेत एखादी बट उलटी वळते का, मानेवरचे केस वर वाढतात की आडवे, हेही तो बोट फिरवून पाहील. भांग नैसर्गिक कुठे पडतो हे कळायला ओले केस सरळ मागे विंचरून तळव्याने हलकेच पुढे ढकलतात. केस आपणहून जिथे दुभंगतात तिथे भांग. मग तो विचारेल: रोज किती मिनिटं देता, तेल लावता का, हेल्मेट घालता का, मागच्या वेळी काय आवडलं नाही, रंग किंवा मेंदी कधी लावली होती.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर खरं द्या. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो. म्हणजे 30 सेंमी लांब केसांच्या टोकाला दोन-अडीच वर्षांपूर्वीचं सगळं अजून चिकटलेलं आहे, तुम्ही विसरलात तरी. काही तयार मेंद्यांत धातूंचे क्षार असतात, आणि त्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड पडलं की केस तापून तुटू शकतो. म्हणून ब्लीच करण्याआधी चांगला कारागीर चार केस कापून घेऊन त्यांवर आधी करून पाहतो.

फोटो जरूर दाखवा, पण स्वतःसारखेच केस असलेल्या माणसाचा. सरळ, दाट केसांचा कट विरळ किंवा कुरळ्या केसांवर बसत नाही, आणि हे तोंडावर सांगणारा कारागीर आपलं नुकसान टाळत असतो. एक फोटो समोरचा, एक बाजूचा, आणि एक ‘असं नको’ म्हणून. लांबी शब्दांत सांगू नका. ‘थोडेच काप’ म्हणजे तुमच्या मनात अर्धा इंच आणि समोरच्याच्या मनात दोन. केस धरून बोटाने दाखवा: एक पेर, दोन पेरं. कुरळे केस ओले असताना ताणून लांब दिसतात आणि वाळले की चांगलेच वर चढतात, तेव्हा ओल्यात कापणार असतील तर पेरभर जास्त ठेवायला सांगा.

मशीनचा नंबर मिलिमीटरमध्ये समजून घ्या. बहुतेक मशीनवर 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे जवळपास 10, 4 म्हणजे 13. शंका असेल तर मोठ्या नंबरने सुरुवात करायला सांगा. 4 वरून 2 वर येता येतं, उलटं जायला महिना लागतो. मानेवरची रेष चौकोनी कापली तर आठदहा दिवसांत खालून वाढलेले केस उठून दिसतात. खाली निमुळती उतरवली तर तीन आठवडे बरी राहते. कल्ले आरशात पाहून नाही, दोन्ही बाजूंना बोट टेकवून सारखे करतात, कारण कान क्वचितच एका पातळीत असतात.

थिनिंगची, म्हणजे केस विरळ करणारी दातेरी कात्री हा दाट केसवाल्यांचा नेहमीचा घात आहे. मुळाजवळ ती चालवली की आखूड राहिलेले केस वरच्या केसांना खालून ढकलतात, आणि दोन आठवड्यांत डोकं आधीपेक्षा फुगलेलं दिसतं. ती लांबीच्या निम्म्याच्या पुढेच, टोकांकडे चालवायची. विरळ केसांवर तर नकोच.

दर जास्त म्हणजे हात चांगला, असंही नाही. दरात भाडं, एसी आणि पाटीवरचं नाव येतं; केस कापतो तो एक माणूस. त्याचं नाव विचारून ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच्याच खुर्चीची वाट पाहा. नव्या ठिकाणी पहिल्या खेपेला फक्त टोकं छाटून घ्या, मोठा बदल नको. रविवार सकाळ टाळा, मधल्या वारी दुपारी जा. कापून झाल्यावर मागचा आरसा दाखवायला सांगा, आणि उभं कापलेलं आडवं धरून तपासलं जातंय का ते पाहा. चढउतार तिथेच सापडतात. घरी एकदा धुऊन, तुमच्या नेहमीच्या पद्धतीने वाळवून पाहा. कुठे कोपरा बाहेर आला, एक बाजू जड वाटली, तर आठवड्याच्या आत परत जा आणि तेवढीच जागा बोटाने दाखवा.